केशर सिस्टरच्या दांड्या

वडाळीच्या शिवेवर केशरबाईंनी शेड उभं केलं, तेव्हा सुरुवातीचे दोन महिने तिथं रोज एकच माणूस येत होतं, आणि ते म्हणजे केशरबाई स्वतः. सकाळचा चहा झाला की त्या फरशी झाडायच्या, पुसायच्या, भिंतीवरच्या मोठ्या आरशावर ओलं फडकं फिरवायच्या आणि प्लास्टिकच्या खुर्चीत बसून रस्त्याकडं बघायच्या. रस्त्यानं माणसं शेताला जायची.

"काय सिस्टर, बसल्या का?"

"बसले."

एवढं बोलून माणूस पुढं निघून जायचं.

शेडात होतं तरी काय म्हणा. वर पत्रे, तीन बाजूंनी उघडं. मधोमध कमरेच्या उंचीवर दोन लोखंडी पाइप, एका माणसाला मधून चालता येईल एवढं अंतर सोडून समोरासमोर बसवलेले. घनसावंगीच्या वेल्डरनं माप घेताना विचारलंच होतं, "बाई, म्हशी बांधायच्यात का यात?" कोपऱ्यात तीन पायऱ्यांचा एक चौथरा, एका अंगानं चढायचं आणि दुसऱ्या अंगानं उतरायचं, जायचं कुठंच नाही. छताच्या लोखंडी नळीला कप्पी आणि तिच्यावरून सोडलेली दोरी. लकवा मारलेल्या माणसांना पुन्हा हातपाय चालवायला शिकवायचं, यासाठी हे सगळं मांडलं होतं. निवृत्तीचा जो पैसा हाती आला, त्यातला मोठा वाटा या पाइपांत आणि पत्र्यांत गेला. गावानं त्याला नाव ठेवलं 'दांड्या'. नाव पडलं, पण माणूस फिरकलं नाही.

केशरबाई वडाळीत आल्या त्या नर्सचं शिक्षण संपवून, ऐन विशीत. उपकेंद्र म्हणजे दोन खोल्या, एक लोखंडी टेबल आणि पावसाळ्यात गळणारं छप्पर. तिथंच त्यांची उमर गेली. गावातली निम्मी माणसं त्यांच्या हातात जन्माला आली, असं म्हटलं तर खोटं होणार नाही. गाव त्यांना मान द्यायचं, पण त्या मानाला एक उंबरा होता. बाळ बाहेर येईपर्यंत सिस्टर आतल्या खोलीतल्या. नाळ कापली, हात धुतले की सिस्टर अंगणातल्या. मग अंगणात खुर्ची यायची, खण-नारळ यायचा, चहा यायचा. बारशाचं बोलावणं मात्र बौद्ध वस्तीकडं कधी यायचं नाही. केशरबाईंनी याबद्दल कधी कुणाला काही म्हटलं नाही. पोरांना डोस पाजायला त्या पुन्हा त्याच अंगणात जायच्या.

त्यांचे मालक संपत जालन्यात लोखंडाच्या कारखान्यात कामाला होते. नवरा तिकडं, बायको इकडं, आणि लेक अक्षता मावशीकडं, म्हणजे केशरबाईंच्या बहिणीकडं, कांताबाईकडं, जालन्यातच. शनिवारी संध्याकाळच्या एसटीनं केशरबाई जालन्याला जायच्या आणि सोमवारी सकाळी परत यायच्या. संसार म्हणायचा तो एवढाच. मग एके दिवशी कारखान्यातच संपतरावांची उजवी बाजू गेली. कुणी म्हणालं अमुक गावचं औषध द्या, कुणी कबुतराचं रक्त आणून चोळलं. सरकारी दवाखान्यात तृप्ती नावाची एक नवीन डॉक्टर मुलगी होती, व्यायाम शिकवणारी. तिनं केशरबाईंना बाजूला घेऊन सांगितलं, "यांचे पाय मेलेले नाहीत, विसरलेत. रोज आठवण करून द्यावी लागेल."

रोज. केशरबाईंच्या वाट्याला रविवार होता. रविवारी त्या खुर्चीच्या पाठीला धरून नवऱ्याला उभं करायच्या, खांदा देऊन दोन-चार पावलं टाकायला लावायच्या, आणि पुढच्या रविवारी येऊन बघावं तर पाय पुन्हा सगळं विसरलेला. कांताबाई जेवू घालायची, अंग पुसायची. पण भरल्या देहाच्या पुरुषाला उभं करणं तिच्या एकटीच्या हातचं नव्हतं. संपतराव पलंगापासून दारापर्यंत आले, त्यापुढं आले नाहीत. काही वर्षांनी गेले.

निवृत्तीच्या दिवशी गावानं शाल दिली, नारळ दिला, सरपंचांचं भाषण झालं. दुसऱ्या दिवशी उपकेंद्रात नवी पोरगी आली आणि केशरबाईंचा फोन वाजायचा थांबला. इतकी वर्षं तो कुठल्याही वेळी वाजायचा, आणि कधी एकदा याची कटकट जाते, असं त्यांना वाटायचं. आता त्या फोन उचलून बघायच्या, बंद तर पडला नाही ना.

अक्षता पुण्यात बँकेत होती. तिचं म्हणणं सरळ होतं.

"आई, आता तरी इकडं ये. तुझे थोडे, माझे थोडे घालून दोन खोल्यांचं घर होतंय."

"पुण्यात मी काय करू बाई?"

"काही करू नको. बस. माझ्याजवळ बस."

केशरबाईंनी शेडाचं सांगितलं. मग अक्षता म्हणाली, "माझ्या शाळेच्या एका गॅदरिंगला तू आली नाहीस. कुणाच्या ना कुणाच्या पोटात दुखत असायचं. आता कुणाच्या दुखत नाही, तरी तू तिथंच."

केशरबाई म्हणाल्या, "जेवलीस का?" आणि लेकीनं फोन ठेवला.

शेडात पहिलं माणूस आलं ते पंख्याखाली बसायला. दुसरं आलं, त्याला गुडघ्यावर सुई हवी होती. "सुई न्हाई देत मी आता," म्हटल्यावर ते गेलं. केशरबाईंना वाटू लागलं की लेकीचं खरं होतं. त्या स्वतःच दांड्या धरून या टोकापासून त्या टोकापर्यंत चालायच्या, आरशात स्वतःकडं बघायच्या. पांढरे केस, चष्मा, आणि मागं रिकामी शेतं.

अशात एक दिवस वंदना आली. वंदना म्हणजे बद्रीनाथची बायको, गोजरबाईंची सून. पदर ओढून ती शेडाच्या कडेला उभी राहिली.

"सिस्टर, आमच्या आत्याबाईला बघायला येता का?"

गोजरबाईंना दिवाळीच्या आधी लकवा मारल्याचं केशरबाईंच्या कानावर होतं. जालन्याच्या दवाखान्यात पंधरवडा काढून त्यांना परत आणलं होतं. "जीव वाचला, आता देवाच्या हातात," म्हणत पाहुणे येऊन गेले होते.

गोजरबाई म्हणजे वडाळीतलं नावाजलेलं तोंड. तरुणपणी नवरा गेला, तरी चाळीस एकर शेती या बाईनं तोंडाच्या बळावर सांभाळली. गडी त्यांच्या आवाजाला भ्यायचे, आणि खुद्द सरपंच बोलताना शब्द तोलायचे. बद्रीनाथचा जन्म केशरबाईंच्या हातचा. पायाळू पोर, वेळ बिकट. जीपही मिळाली नव्हती. तेव्हा याच गोजरबाईंनी केशरबाईंचं मनगट इतकं घट्ट धरलं होतं, की चार दिवस वळ राहिला. आणि पोर रडल्यावर याच गोजरबाई पडल्यापडल्या म्हणाल्या होत्या, "नर्सबाईला भाईर चहा द्या गं."

आता त्या पुढच्या खोलीत लोखंडी पलंगावर भिंतीकडं तोंड करून पडलेल्या होत्या. उजवा हात छातीशी मुडपलेला. केशरबाईंनी जवळ जाऊन विचारलं, "ओळखलं का?"

गोजरबाईंनी मान वळवली. ओठ बराच वेळ हलले. मग आवाज निघाला, "मंग."

"एवढा एकच शब्द राहिलाय," वंदना हळूच म्हणाली. "पाणी पाहिजे तरी मंग, राग आला तरी मंग. पोरं हसतेत. आत्याबाईला कळतं सगळं, म्हणून मंग भिताडाकडं तोंड करून पडतेत."

बद्रीनाथ दारात उभा होता. तो म्हणाला, "सिस्टर, तुम्ही रोज घरीच येत जा. काय खर्चा असंल तो देतो."

"खर्चा न्हाई लागत. पण दांड्या घरी येत न्हाईत, बद्री. त्यांनाच तिकडं यावं लागंल."

बद्रीनाथनं रस्त्याच्या त्या टोकाकडं बघितलं. बौद्ध वस्ती, मग केशरबाईंचं घर, मग शेड. आईला तिकडं न्यायचं म्हणजे सगळ्या गावाच्या डोळ्यांदेखत न्यायचं, आणि तेही अशा अवस्थेत. "बघू," तो म्हणाला.

पण वंदना बघत बसली नाही. दोन दिवसांनी गावातल्या राधेश्यामचा मालाचा रिक्षा शेडापुढं थांबला. मागं गादी टाकलेली, गादीवर गोजरबाई, आणि त्यांना टेकू देऊन वंदना.

काम सोपं नव्हतं. जुन्या लुगड्याची चौपदरी पट्टी कमरेला बांधायची, लुळ्या बाजूनं उभं राहून ती पट्टी मुठीत धरायची, गुडघ्याला गुडघा लावायचा आणि मग म्हणायचं, "उठा." पहिले काही दिवस गोजरबाई उभ्या राहिल्या की थरथरायच्या आणि "मंग, मंग, मंग" करत खाली बसायच्या. ती शिवी होती, हे कळायला भाषा लागत नव्हती. दर महिन्याच्या एका रविवारी तृप्ती मॅडम जालन्याहून आपल्या गाडीनं यायच्या. संपतरावांच्या वेळची ती मुलगी, आता स्वतःचा दवाखाना चालवणारी. त्या तपासायच्या, व्यायाम बदलून द्यायच्या, केशरबाईंची पकड सुधारायच्या. "घाई करू नका," त्या म्हणायच्या, "पण एक दिवसही चुकवू नका. आणि यांच्याशी बोलत राहा. सारखं बोला."

बोलत राहा, हे सांगणं सोपं. वंदनाला घरी कामं होती. ती सोडून जायची आणि दुपार व्हायच्या आत घ्यायला यायची. मधल्या वेळात शेडात दोघीच. केशरबाई पहिल्यांदा हवापाण्याचं बोलल्या, कापसाच्या भावाचं बोलल्या. बोलण्यासारखं त्यांच्याजवळ फारसं नव्हतं. घरी त्यांच्याशी बोलायला कुणी नव्हतं, त्यामुळं सवयच गेली होती. मग एकदा गोजरबाईंचा हात दोरीला बांधून वर-खाली करताना त्या बोलून गेल्या, "आमच्या मालकांना पण उजवीच बाजू गेल्ती."

"मंग?" गोजरबाई म्हणाल्या.

आवाज वर चढलेला होता. केशरबाई दोरी ओढायच्या थांबल्या. त्यांनी गोजरबाईंच्या तोंडाकडं बघितलं. म्हातारीचे डोळे त्यांच्यावर रोखलेले होते.

"मंग काय, मी इथं, ते तिथं."

"मंग?"

आणि केशरबाई सांगत गेल्या. शनिवारची एसटी सांगितली. भावकीतल्या लग्नाला संपतरावांना न्यायला कुणी तयार होईना, म्हणून दार लावून घेऊन दोघं नवरा-बायको घरीच बसले, ते सांगितलं. अक्षता लहानपणी कांताबाईलाच आई म्हणायची आणि केशरबाईंना 'वडाळीची आई' म्हणायची, तेही सांगितलं. हे त्यांनी सख्ख्या बहिणीला सांगितलं नव्हतं. प्रत्येक गोष्टीच्या शेवटी गोजरबाई "मंग?" म्हणायच्या आणि गोष्ट पुढं सरकायची. कधी तो शब्द हळू यायचा, कधी ओठ चावल्यासारखा. दिवसाचे ते दोन तास केशरबाईंना एवढे हवेसे झाले, की रिक्षाला उशीर झाला तर त्या रस्त्यावर जाऊन उभ्या राहायच्या.

माघ सरत आला, तेव्हा गोजरबाई दांड्यांच्या मधून एका टोकापासून दुसऱ्या टोकाला गेल्या. परत येताना दम खायला आरशापुढं थांबल्या. केशरबाई पट्टी धरून मागं उभ्या होत्या. आरशात दोघींचे चेहरे एकाखाली एक दिसत होते. कशानं कोण जाणे, केशरबाईंच्या तोंडून निघून गेलं,

"गोजरबाई, तुमच्या घरी मी किती येळा आले, सांगता येत न्हाई. बद्रीच्या वेळी आले, धाकट्या हरिओमच्या वेळी आले, तुमच्या सासूला शेवटचं सलाईन लावायला आले. आत कामापुरती, काम झालं की अंगणात. पोरांच्या बारशाला तुम्ही सगळ्या गावाला बोलावलं. मला कामून न्हाई बोलावलं?"

गोजरबाईंनी मंग म्हटलं नाही. त्यांचा चेहरा आरशात हळूहळू वाकडा झाला आणि डोळ्यांतून पाणी वाहायला लागलं. हुंदके देऊन रडल्या. केशरबाईंनी त्यांना खुर्चीत बसवलं, पदरानं तोंड पुसलं. पण लकव्याच्या माणसाला रडू कशानंही येतं. संपतराव टीव्हीवर बातम्या ऐकतानाही रडायचे. तेव्हा हे रडणं आपल्या प्रश्नाचं की मेंदूतल्या जखमेचं, हे केशरबाईंना कळलं नाही, आणि विचारायची सोय नव्हती. पुन्हा तो विषय त्यांनी काढला नाही.

उन्हाळ्यात अक्षता दोन दिवसांसाठी आली. शेडाच्या कडेला खुर्ची टाकून बसली. आई एका जड बाईच्या कमरेला पट्टी बांधून, तिच्या गुडघ्याला गुडघा लावून, "चला, उजवा, उजवा" म्हणतेय, हे तिनं बराच वेळ बघितलं.

"बाबांना तू अशीच धरायचीस," ती म्हणाली.

"तुला आठवतं?"

"रविवारी मला खेळायला बाहेर पाठवायचीस. मी खिडकीतून बघायचे."

जाताना तिनं आईच्या हातावर गुडघ्याला लावायचं औषध ठेवलं आणि पुण्याच्या घराचं नाव काढलं नाही. ते केशरबाईंना बरं वाटलं, आणि लागलंही.

गोजरबाईंचे शब्द परत यायला लागले, ते एकेक करून. पहिला आला 'बद्री'. मग 'न्हाई'. मग एक दिवस दोरी जोरात ओढली गेली आणि गोजरबाई स्पष्ट म्हणाल्या, "हळू की." वंदना हसत सुटली, केशरबाईही हसल्या. ज्येष्ठात पेरणीच्या धांदलीत बद्रीनाथ आईला आणायला आला, तर आई काठी टेकत रस्त्यापर्यंत चालत आलेली. त्यानं खाली वाकून केशरबाईंचे पाय शिवले. रस्त्यावर दोन-चार माणसं होती. त्यांनी ते बघितलं.

त्यानंतर दांड्यांवर माणसं यायला लागली. गोजरबाई स्वतःच्या पायांनी मारुतीला जाऊन आल्या, ही बातमी एसटीनं गावोगाव गेली. अंतरवालीहून कुणी आपल्या चुलत्याला आणलं. घनसावंगीचा एक शिंपी आला. झाडावरून पडलेला धम्मपाल म्हणून एक गवंडी आला. सकाळी शेडात बसायला जागा पुरेना. येणारे हिरिरीनं यायचे. पाय चालायला लागला की येणं कमी व्हायचं, आणि एक दिवस थांबायचं. असंच व्हायला पाहिजे होतं. मुद्दाम सांगायला कुणी येत नव्हतं. त्यांची जागा रिकामी दिसली की केशरबाई समजून घ्यायच्या, की गडी बरा झाला.

गोजरबाई मात्र येत राहिल्या. फक्त आता त्या बोलत होत्या. जीभ सुटली आणि जुनी गोजरबाई परत आली. हरिओमनं छत्रपती संभाजीनगरात बंगला बांधला पण आईची खोली वर काढली. वंदना चांगली आहे पण हात सैल. जावेनं तीस वर्षांपूर्वी बांधावरून काय केलं. शब्द अडला की त्या हाताची मूठ आपटायच्या आणि आठवला की दुप्पट वेगानं पुढं निघायच्या. केशरबाई दोरी ओढत ऐकायच्या. एकदा त्यांनी मध्येच सांगायचा प्रयत्न केला, "काल अक्षताचा फोन आल्ता—"

"हां," गोजरबाई म्हणाल्या, "तर मी काय सांगत होते, जाऊ माही..."

केशरबाईंनी दोरी ओढली. बाईला शब्द आले होते, यासाठीच तर सगळा खटाटोप केला होता. त्यांना आनंद होता, तो खोटा नव्हता. पण घरी जाऊन एकटीची भाकरी थापताना त्यांना वाटलं, की आपलं सांगायचं अजून बरंच राहून गेलं.

दसऱ्यानंतर एक दिवस गोजरबाई आल्या नाहीत. दुसऱ्या दिवशीही नाही. राधेश्याम रिक्षा घेऊन रस्त्यानं चालला होता, त्याला केशरबाईंनी थांबवलं.

"ते गेले की जालन्याला, सिस्टर. बद्रीभाऊनं बियाण्याचं दुकान टाकलं तिथं. पोरांची शाळा पण तिकडंच. सामान माह्याच रिक्षात भरलं. तुम्हाला म्हाईत न्हाई?"

"म्हाईत होतं," केशरबाई म्हणाल्या, "एवढ्यातच निघाले हे म्हाईत नव्हतं."

पौष महिन्यात तृप्ती मॅडमकडं काम निघालं, तेव्हा केशरबाई जालन्याला गेल्या. काम आटोपलं. मॅडमकडून बद्रीनाथचा पत्ता मिळाला. नव्या वसाहतीतली चार मजल्यांची इमारत. घर तिसऱ्या मजल्यावर, लिफ्टची जागा सोडलेली पण लिफ्ट नाही. वंदनानं दार उघडलं, तिला खरंच आनंद झाला. "या, या, आत या," म्हणत तिनं हाताला धरून आत नेलं.

गोजरबाई खिडकीशी खुर्चीत बसल्या होत्या. अंगानं सुटल्या होत्या, पायांवर सूज दिसत होती.

"आल्यापून खाली उतरल्या न्हाईत," वंदना म्हणाली. "जिन्याला एकाच बाजूनं कठडा आहे, तो त्यांच्या लुळ्या हाताकडं येतो. उतरताना त्यांना भ्याव वाटतं. ह्यांना दुकानातून येळ न्हाई, आन् मला एकटीला धरवत न्हाई."

गोजरबाईंनी केशरबाईंचा हात धरला. यावेळी वळ उठेल एवढी ताकद त्या हातात नव्हती.

"मला ने," त्या म्हणाल्या. "वडाळीला ने. इथं माणूस न्हाई बोलायला. टीव्ही बोलतो, आन् मी ऐकते. मी काय टीव्हीला सांगू?"

केशरबाईंच्या मनात एक क्षण आलं, न्यावं. दोन खोल्यांत दोन बाया मावल्या असत्या. सकाळी दांड्या, दुपारी गप्पा. पण गोजरबाईंचा नातू शाळेतून येऊन दप्तर टाकून आजीच्या मांडीवर डोकं ठेवत होता, आणि वंदना ताट वाढत होती. हे घर होतं. त्यातून माणूस उचलून न्यायचं नसतं.

"ते न्हाई जमायचं," केशरबाई म्हणाल्या. "पण तुम्हाला खाली उतरवते."

त्या दिवशी नाही उतरवता आलं. केशरबाईंनी जिना बघितला, भिंत ठोकून बघितली, माप घेतलं. पुढच्या आठवड्यात त्या घनसावंगीच्या वेल्डरला घेऊन एसटीनं परत आल्या. पाइप त्यांनी स्वतःच्या खर्चानं जालन्यातच घेतला. इमारतीतल्या एका गृहस्थांनी हरकत घेतली, भिंत खराब होईल म्हणाले. केशरबाईंनी त्यांना विचारलं, "तुमच्या घरात म्हातारं कुणी न्हाई का?" गृहस्थ म्हणाले, आहे, आई आहे. "ती खाली येते का?" ते आत गेले आणि त्यांनी भिंतीला भोकं पाडायचं स्वतःचं मशीन आणून दिलं.

दुपारपर्यंत तीनही मजल्यांच्या भिंतीच्या बाजूला पाइप बसला. केशरबाईंनी पट्टी बांधली. "आधी लुळा पाय खाली, मंग चांगला. चढताना उलटं. पाइप सोडायचा न्हाई." गोजरबाई प्रत्येक वळणावर थांबत, शिव्या देत, घाम पुसत उतरल्या. खाली गाड्या लावायच्या जागेत, सावलीत शेजारच्या चार-पाच बाया तूर सोलत बसल्या होत्या. त्यांनी सरकून जागा केली, कुणी खुर्ची आणली. त्या हरकतवाल्या गृहस्थांची आईही मागून पाइप धरून उतरली. गोजरबाईंनी बसल्याबसल्या तुरीची मूठभर शेंग डाव्या हातानं पुढं ओढली.

"कोणत्या गावच्या तुम्ही?" एका बाईनं विचारलं.

"वडाळीच्या. ही आमच्या गावची नर्सबाई. माही दोन्ही पोरं हिच्या हातची," गोजरबाई म्हणाल्या, आणि तिथून ज्या सुटल्या त्या शेतीवर, जावेवर, हरिओमच्या बंगल्यावर गेल्या. बाया हसत होत्या, विचारत होत्या, गोजरबाई सांगत होत्या.

केशरबाई थोडा वेळ उभ्या राहिल्या. वंदनाला त्यांनी पुन्हा एकदा पट्टी कशी धरायची ते दाखवलं. मग "येते," म्हणाल्या. गोजरबाईंनी बोलताबोलता हात हलवला. वेल्डरला शहरात काम होतं, तो थांबला. केशरबाई पिशवी घेऊन एकट्याच बसस्टँडकडं निघाल्या.

अंबड–घनसावंगी गाडीत त्यांना खिडकीची जागा मिळाली. रस्त्यावर उसाच्या जोडट्रॉल्या, त्यांच्या मागं गाडी रांगत चाललेली. शेजारी एक बाई येऊन बसली, हातात जड पिशवी.

"लेकीकडं गेल्त्या का?" तिनं विचारलं.

केशरबाईंना सगळं सांगत बसायचा कंटाळा आला. "हो," त्या म्हणाल्या.

"मी पण," ती बाई म्हणाली, आणि आपल्या लेकीचं सांगायला लागली. जावई चांगला आहे, सासू जरा कडक आहे, पाण्याचे हाल आहेत. केशरबाई ऐकत राहिल्या. अंबड आलं तशी ती बाई पिशवी सावरत उतरली. गाडी निम्मी रिकामी झाली. केशरबाईंनी आपली पिशवी शेजारच्या जागेवर ठेवली आणि उघड्या खिडकीतून येणारं गार वारं लागू नये म्हणून पदर कानावरून घेतला. अजून तासाभराची वाट होती.